मोजणीबाहेरची हवा : ‘चेक इंजिन’च्या पिवळ्या दिव्याचा इतिहास

१/ हौसेने बाजारातला नवा एअर इनटेक गाडीला बसवला जातो. इंजिनाचा आवाज भारदस्त होतो, गाडी नेहमीसारखीच धावते आणि दोन-तीन दिवसांनी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. इंजिन धडधाकट असताना हा दिवा लागतो कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर लॉस एंजेलिस शहरात, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत जावे लागते.

२/ २६ जुलै १९४३. भर दिवसा शहरावर करड्या-तपकिरी धुराची दुलई पसरली. डोळ्यांची आग होऊ लागली, घसे जळजळू लागले, काही इमारतींपलीकडचे दिसेनासे झाले. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला दोन वर्षेही झाली नव्हती. साहजिकच जपानने विषारी वायू सोडला, अशी भीती अनेकांच्या मनात आली. शत्रू मात्र कुठेच सापडला नाही.

३/ मग संशय गेला अ‍ॅलिसो स्ट्रीटवरील एका कारखान्यावर. युद्धासाठी लागणाऱ्या कृत्रिम रबराचा कच्चा माल, ब्युटाडाईन, तिथे तयार होत असे. लोकक्षोभामुळे कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला. धुरके मात्र येतच राहिले. १९४७ साली लॉस एंजेलिस काउंटीने हवा-प्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. कारखाने, शुद्धीकरण प्रकल्प, घरामागे कचरा जाळण्याच्या भट्ट्या या सर्वांवर बोट ठेवले गेले. मोटारींकडे अजून कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

४/ ते वेधले एका अननसाच्या अभ्यासकाने. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ पॅसाडेना येथील कॅलटेक संस्थेत फळांच्या सुगंधाचे पृथक्करण करीत. अननसाचा वास पकडण्याची जी पद्धत त्यांच्या हाती होती, तीच त्यांनी शहराच्या हवेला लावली. अतिथंड सापळ्यातून हवा ओढली. तळाशी उरले तपकिरी, उग्र वासाचे काही थेंब.

५/ या थेंबांचा माग काढत त्यांनी १९५० च्या सुमारास सिद्ध केले, की हे धुरके कोणत्याही एका धुराड्यातून बाहेर पडत नाही. ते आकाशात शिजते. न जळलेल्या पेट्रोलातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर कॅलिफोर्नियाचे प्रखर ऊन पडले, की त्यातून ओझोन तयार होतो. त्या शहरात मोटारींची टायरे लवकर तडकत, त्याचेही कारण हाच ओझोन होता.

६/ तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या एका संशोधनाने या निष्कर्षाला आव्हान दिले. हागेन-स्मिट चिडले आणि अननस बाजूला ठेवून पूर्णवेळ धुरक्याच्या मागे लागले. अखेर त्यांचेच म्हणणे खरे ठरले. आरोपीच्या पिंजऱ्यात आता एखादा कारखाना नव्हता. घराघरासमोर उभी असलेली मोटार होती.

७/ याच शहराला त्याच वेळी दुसरेही एक वेड होते. जुन्या फोर्ड गाड्या घ्यायच्या, त्यांचे इंजिन मोकळे करायचे, कार्ब्युरेटर वाढवायचे आणि म्युरॉकच्या कोरड्या सरोवरात वेग आजमावायचा. या ‘हॉट रॉड’ मंडळींची शर्यत-संघटना १९३७ साली स्थापन झाली, जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले आणि १९६३ साली वेगवर्धक सुटे भाग बनवणाऱ्यांची ‘सेमा’ ही संघटना उभी राहिली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या सुट्या एअर इनटेकचे कूळ इथे सापडते.

८/ म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियात एकाच काळात दोन परंपरा वाढत होत्या. एक सांगत होती : माझी गाडी, माझे इंजिन, हवे ते करीन. दुसरी विचारत होती : तुझ्या इंजिनातून बाहेर पडणारी हवा कोणाची? डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा या दोन परंपरांच्या सीमारेषेवर लागतो.

९/ दुसऱ्या परंपरेने हळूहळू कायद्याचे रूप घेतले. इंजिनाच्या पोटातील वाफा पुन्हा इनटेकमध्ये वळवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह १९६१ पासून कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांत दिसू लागला. १९६६ च्या मॉडेलपासून त्या राज्याने सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूंवर देशातील पहिली मर्यादा घातली. १९६७ साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने ‘कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड’ म्हणजेच ‘कार्ब’ची स्थापना झाली. त्याचे पहिले अध्यक्ष होते आरी हागेन-स्मिट.

१०/ १९७० च्या संघराज्य कायद्याने मोटार कंपन्यांना सांगितले, की काही वर्षांत प्रदूषण ९० टक्क्यांनी घटवा. त्यातून १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसे या उत्प्रेरकाला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले. पुढची पायरी होती ‘थ्री-वे’ कन्व्हर्टर. तो तिन्ही प्रमुख प्रदूषके एकदम हाताळतो, पण त्याची एक कडक अट असते.

११/ एक ग्रॅम पेट्रोलाला सुमारे १४.७ ग्रॅम हवा. हे प्रमाण अगदी काटेकोर राहिले तरच थ्री-वे कन्व्हर्टर नीट काम करतो. जुन्या कार्ब्युरेटरला ही अचूकता पेलणारी नव्हती. उपाय सापडला बॉश कंपनीच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये. एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरला हे तो सांगतो आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त केले जाते. १९७७ च्या मॉडेलच्या व्होल्वो गाड्या हा सेन्सर घेऊन कॅलिफोर्नियात उतरल्या. त्याच वर्षी हागेन-स्मिट यांचे निधन झाले.

१२/ आता इंजिनावर संगणकाची देखरेख आली आणि नवीच अडचण उभी राहिली : बिघाड दिसेनासा झाला. सेन्सर मेला तरी गाडी चालतच राहते; फक्त धूर वाढतो आणि तोही डोळ्यांना दिसत नाही. जनरल मोटर्सने १९८१ च्या मॉडेलपासून आपल्या अमेरिकी पेट्रोल मोटारींत ‘चेक इंजिन’ दिवा दिला. मेकॅनिक एका जोडणीतील दोन टोके तारेने जोडत आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे ‘बारा’. इंजिन बंद असताना हा ‘बारा’ दिसला, की निदानयंत्रणा जागी आहे असे समजायचे.

१३/ प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, जोडणी वेगळी. कार्बने १९८५ साली नियम केला, की १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचे प्रदूषणविषयक बिघाड ओळखून दिवा लावलाच पाहिजे. ही ओबीडीची पहिली पिढी. ती मर्यादित होती. कन्व्हर्टर झिजला किंवा सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली, तर तिला ते कळत नसे. म्हणून ओबीडी-२ आले. १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत ते सक्तीचे झाले. सोळा पिनांचे एकच सॉकेट, सर्वांसाठी एकच सांकेतिक भाषा.

१४/ या दिव्याचा निकष मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. ‘इंजिन बिघडले आहे का’ हा त्याचा मुख्य प्रश्न नाही. एखाद्या दोषामुळे गाडीचे प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होऊ शकते का, हा आहे. म्हणूनच गाडी सुरळीत धावत असतानाही तो लागू शकतो. बहुतेक दोषांसाठी लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तोच दोष आढळावा लागतो. इनटेक बसवल्यावर दिवा त्याच क्षणी न लागता दोन दिवसांनी का लागतो, याचे उत्तर यात आहे. तो लुकलुकू लागला तर मात्र प्रकरण तातडीचे असते : ठिणगी चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टर जाळू शकते.

१५/ आता इनटेककडे वळू. अनेक गाड्यांत एअर फिल्टरनंतरच्या नळीत मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्यातली अतिसूक्ष्म तार विजेने तापवलेली असते. जाणारी हवा तिला थंड करते. तिचे तापमान टिकवायला जितकी वीज लागते, तितकी हवा आत गेली असा हिशेब. संगणक या आकड्यावरून पेट्रोल सोडतो. सेन्सर सगळी हवा मोजत नाही. नळीच्या एका बिंदूवरचा प्रवाह मोजतो आणि नळीचा मूळ व्यास गृहीत धरून उरलेले गणित करतो.

१६/ इथेच नवा पाइप गोंधळ घालतो. समजा, सेन्सरपाशी मूळ व्यास ७० मिलिमीटर होता आणि नव्या पाइपचा ७७ आहे. फरक जेमतेम ७ मिलिमीटरचा. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे २१ टक्क्यांनी. तेवढीच हवा आता तारेवरून संथपणे जाते. संगणकाला वाटते, हवा कमी आली. तो पेट्रोल कमी सोडतो. मिश्रण पातळ होते. गॅरेजच्या भाषेत ‘लीन’.

१७/ मागे बसलेला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि संगणक पेट्रोल वाढवत नेतो. या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. वरच्या उदाहरणात तिला सुमारे २१ टक्क्यांपर्यंत जावे लागेल. अनेक गाड्यांत २० ते २५ टक्क्यांच्या आसपास संगणक हात टेकतो आणि पी०१७१ हा संकेत नोंदवून दिवा लावतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी०१७४ हा जोडीदारही येतो.

१८/ दुसरी वाट असते गळतीची. क्लॅम्प सैल राहिला, रबरी जोड नीट बसला नाही किंवा इंजिनाच्या पोटातील वाफा आणणारी छोटी नळी नव्या पाइपला जोडायची राहून गेली, तर सेन्सरला चकवून हवा आत शिरते. ही मोजणीबाहेरची हवा. १९६१ च्या पीसीव्ही व्यवस्थेचाच एक धागा इथे सुटलेला असतो. परिणाम तोच : लीन मिश्रण, तोच संकेत.

१९/ दोन्हींत फरक कसा करायचा? स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहून. गाडी जागच्या जागी संथ चालू असताना ट्रिम फार वाढलेली, पण २,५०० फेऱ्यांवर ती उतरते, तर बहुधा गळती. संथ इंजिन हवाच थोडी घेते, त्यामुळे चोरवाटेने आलेल्या हवेचे प्रमाण तिथे मोठे ठरते. उलट सर्व वेगांत ट्रिम सारखीच चढलेली, किंवा जोर दिल्यावर आणखी चढते, तर सेन्सरचे मापच चुकते आहे. गळतीची जागा दिसत नसेल तर गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून ती शोधतात. धुरक्यापासून सुरू झालेल्या गोष्टीत धूर असा कामालाही येतो.

२०/ उरलेली कारणे साधी असतात, म्हणून ती आधी तपासायची. सेन्सरचा प्लग बसलाच नाही तर पी०१०२. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर जुन्या डब्यात तसाच राहिला तर पी०११३. सेन्सर उलट्या दिशेने बसला, किंवा हवा सरळ करणारी जाळी काढून टाकली, तरीही वाचन बिघडते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला धुतल्यावर जास्त तेल चोपडले, तर त्याचा थर तारेवर बसू शकतो. तो खास सेन्सरसाठीच्या स्प्रेने काढावा. तारेला बोट किंवा कापड लावू नये.

२१/ सर्वांत खात्रीची परीक्षा सर्वांत जुनी आहे : मूळ फिल्टरचा डबा परत बसवून काही दिवस गाडी चालवणे. ट्रिम पूर्ववत झाली तर दोष नव्या पाइपात किंवा त्याच्या जोडणीत. झाली नाही तर पाइपाला दोष देऊन उपयोग नाही. आजार आधीपासूनचा आहे. बॅटरीची तार काढून दिवा विझवणे हा उपाय नव्हे. त्याने संकेत पुसला जातो, शिवाय गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याची नोंदही पुसली जाते. कॅलिफोर्नियात अशी गाडी ‘स्मॉग चेक’ला नेली तर ती तपासणीत अडकते.

२२/ सगळ्याच गाड्या सारख्या नसतात. भारतातील अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत ही तप्त तार नसते. इनटेक मॅनिफोल्डमधील दाब आणि तापमान यांवरून हवेचा अंदाज घेतला जातो. तिथे पाइपाचा व्यास बदलला तरी हिशेब सहसा कोसळत नाही. दिवा लागलाच तर सुटलेला प्लग किंवा उघडी नळी आधी पाहावी.

२३/ मग बाजारातले इनटेक सरसकट वाईट का? कॅलिफोर्नियाने यावर दिलेले उत्तर लक्षणीय आहे. तेथील वाहन संहितेचे कलम २७१५६ प्रदूषण-नियंत्रण व्यवस्थेत ढवळाढवळ करण्यास मनाई करते. पण चाचणीत प्रदूषण वाढत नाही असे सिद्ध झालेल्या सुट्या भागाला कार्ब ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ क्रमांक देते. त्या क्रमांकाचे लेबल बॉनेटखाली चिकटवले जाते. हॉट रॉडवाल्यांची हौस मोडीत काढली गेली नाही. तिला हिशेब द्यायला लावला. सेन्सरपाशी मूळ व्यास राखणारे इनटेक बाजारात मिळतात, ते या हिशेबामुळेही.

२४/ ही वाट मुंबईपर्यंतही आली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ सोबत ही देखरेख दुचाकींपर्यंत पोहोचली. पुण्याच्या ‘एआरएआय’ संस्थेत नव्या गाड्यांचे उत्सर्जन तपासले जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करू देत नाही. कॅलिफोर्नियासारखी सुट्या भागांना क्रमांक देणारी पद्धत मात्र इथे रुजलेली नाही, आणि हौशी मालकाची खरी कुचंबणा तिथेच होते.

२५/ लॉस एंजेलिसची हवा आजही निर्मळ नाही. पण तिथल्या ओझोनच्या सर्वोच्च नोंदी १९५० च्या दशकातील पातळीच्या निम्म्याहूनही खाली आल्या आहेत, आणि तेही मोटारींची संख्या कितीतरी पटींनी वाढलेली असताना. हे एखाद्या यंत्राने एकट्याने साधलेले नाही. कोट्यवधी गाड्यांतील छोटे सेन्सर रोज हवा मोजत राहिले, आणि मोजमाप चुकले की दिवा लागत राहिला.

२६/ म्हणून नवा पाइप बसवल्यावर पिवळा दिवा लागला, तर त्याच्यावर टेप चिकटवू नये. तो सांगत असतो, की इंजिनात शिरलेली काही हवा हिशेबात आलेली नाही. २६ जुलै १९४३ ला अख्ख्या शहराचे डोळे चुरचुरले, तेव्हा ही गोष्ट सांगणारे काहीच कोणाजवळ नव्हते.

(समाप्त)